लेकीची धून

सावेरिओ स्पादावेक्कियाला रोममध्ये त्या नावानं फारसं कोणी ओळखत नव्हतं. तो सिनेमांना संगीत द्यायचा, आणि पडद्यावर त्याचं नाव यायचं डग्लस फिंच. खुनाखुनीच्या आणि भुताखेतांच्या सिनेमांना त्या काळी भलतीच बरकत आली होती, आणि सिनेमा इंग्रजांनी केलाय असं वाटलं की लोक जास्त घाबरतात, अशी निर्मात्यांची पक्की समजूत होती. म्हणून दिग्दर्शक, कॅमेरावाला, खलनायक, सगळ्यांची बारशी नव्यानं झालेली. फिंचसाहेबांना इंग्रजीत 'थँक यू'च्या पुढे एक अक्षर येत नव्हतं, पण ते विचारायला येतोय कोण?

सावेरिओला ते सोयीचंच होतं. त्याचे वडील, मावरो स्पादावेक्किया, दक्षिणेला पुल्या प्रांतात आमच्या रिपाल्बा गावचे बँडमास्तर. सबंध गाव त्यांना नुसतं मास्तर म्हणायचं. मुलगा रोममध्ये सिंफनी लिहितोय अशी मास्तरांची समजूत होती, आणि ती मुलानंच करून दिली होती. तेरा वर्षं झाली, त्या सिंफनीचा दुसरा भाग काही संपायला तयार नव्हता. सणासुदीला घरी गेला की सावेरिओ सांगायचा, आता झालंच, थोडं राहिलंय. मास्तर म्हणायचे, घाई करू नकोस. असं चाललं होतं दोघांचं.

आता मास्तरांच्या धुनेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे गुड फ्रायडेला दुःखी मातेची, म्हणजे मेरीची, मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, आणि तिच्यापुढे बँड शोकधुना वाजवत चालतो. प्रत्येक गावाच्या बँडमास्तरनं आपली एक तरी शोकधून लिहिलेली असते, आणि कुणाची जास्त रडवते यावरून दोन गावांची तोंडं वर्षभर फिरलेली राहतात. मास्तरांनी त्यांची लिहिली चौतीस साली. त्या हिवाळ्यात त्यांची थोरली मुलगी रोझाल्बा घटसर्पानं गेली. सहा वर्षांची होती. कागदावर नाव आहे 'माझ्या लेकीस'. गावानं ते कधी घेतलं नाही, गाव म्हणतं लेकीची धून. चर्चच्या दारातून मूर्ती बाहेर आली की पहिली तीच वाजायची. अडतीस वर्षं. आमच्या आया आदल्या दिवशी रुमाल इस्त्री करून ठेवायच्या, यावरून काय ते समजा.

आणि हीच धून सावेरिओनं खुन्याला दिली.

त्यानं काही ठरवून केलं नाही. सिनेमाचं नाव होतं 'तेराव्या पायरीवरचं घुबड'. त्या वर्षी नावात एखादा पशुपक्षी नसला तर वितरक सिनेमाला हात लावत नसत. संगीताला दिवस मिळाले सहा. पाच दिवसांत त्यानं सगळं हातावेगळं केलं: पाठलागाचं, पावसाचं, रिकाम्या घराचं, अंघोळीच्या टबाचं. राहिली फक्त खुन्याची धून. काळे हातमोजे जिन्यावर दिसले की ती वाजायची होती. तीन लिहिल्या, दिग्दर्शकानं तिन्ही परत केल्या. तिसरी ऐकून तर म्हणाला की मला हिनं भूक लागली. सहाव्या दिवशी सकाळी नऊला वादक यायचे होते. सात वाजता सावेरिओ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चौथी लिहायला बसला, आणि हात आपोआप चालायला लागला. दुसऱ्या ओळीला त्याला कळलं की आपण काय लिहितोय. तो थांबला. कॉफी केली, उभ्यानं प्यायला. मग खाली बसून पुढचं लिहिलं.

ऐकणार आहे कोण, असं त्यानं स्वतःची समजूत घातली. सिनेमा उत्तरेत चालेल, परदेशात विकला जाईल, नाव फिंचचं. ट्रॉम्बोनच्या जागी बास गिटार घातली, लय थोडी चढवली, आणि वरून एका बाईला शब्दांशिवाय नुसतं 'ला ला' गायला लावलं, बाळाला झोपवताना गुणगुणतात तसं. ध्वनिमुद्रण संपलं तेव्हा दिग्दर्शकानं त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि व्हायोलिनवाल्या बायका म्हणाल्या की आज घरी एकट्यानं जिना चढवणार नाही. खरं सांगायचं तर सावेरिओला आनंदच झाला. लाज वाटायला हवी होती. ती नंतर आली, सवडीनं.

सिनेमा धो धो चालला. आणि बहात्तरच्या मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या ऐन उपवासाच्या दिवसांत, रिपाल्बाच्या एकुलत्या एक थिएटरात लागला. पाद्रीबुवांनी चर्चच्या दाराला कागद डकवला की हा सिनेमा कोणीही पाहू नये. झालं. थिएटरवाल्यानं गावभर ढोल पिटला असता तरी एवढी गर्दी झाली नसती. चार दिवसांचा सिनेमा तीन आठवडे हलला नाही.

पवित्र आठवड्याच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आठवड्यातल्या, मंगळवारी दोराचा फोन आला. दोरा ही सावेरिओची धाकटी बहीण, वडिलांजवळ राहायची, घरी शिवणकाम करायची, आणि बोलायला लागली की समोरच्याला उसवून ठेवायची. तिनं कसा आहेस वगैरे काही विचारलं नाही. म्हणाली, ही धून कागद न बघता शेवटपर्यंत लिहून काढणारी जगात दोनच माणसं आहेत, एक बाबा आणि दुसरा तू, तेव्हा फिंच कोण हे कळायला मला शाळेत जावं लागत नाही. मग तिनं बाकीचं सांगितलं. बँडची तालीम जुन्या शाळेत चालते. लेकीची धून सुरू झाली, पहिले चार सूर वाजले, की खिडकीबाहेरची पोरं स्वतःचा गळा धरतात, जीभ बाहेर काढतात आणि जमिनीवर लोळतात. परवा तर बँडमधलाच एक क्लॅरिनेटवाला हसला आणि क्लॅरिनेटमधून बदकासारखा आवाज निघाला. बाबांनी आयुष्यात कधी सिनेमा पाहिलेला नाही. त्यांना वाटतं, पोरांना शिस्त राहिली नाही.

इतकंच असतं तर निभावलं असतं. पण सोमवारी फार्मसीवाले लिबोरिओ घरी आले. हे चर्चच्या बंधुमंडळाचे प्रमुख. मूर्तीला खांदा कोणी द्यायचा, कुठली धून कुठल्या चौकात, सगळं यांच्या हातात. बराच वेळ टोपी फिरवत बसले आणि मग म्हणाले की मास्तर, या वर्षी लेकीची राहू द्या. मास्तरांनी कारण विचारलं. आता कारण सांगायचं तर आपण तो सिनेमा पाहिला, तोही उपवासात, हे कबूल करणं आलं. ते लिबोरिओंच्यानं होईना. मग तोंडाला आलं ते बोलून मोकळे झाले: अडतीस वर्षं लोक तेच ऐकतायत, त्यांना काहीतरी नवीन हवंय.

"तेव्हापासून बाबा धड जेवले नाहीत," दोरा म्हणाली. "दुधात पाव कुस्करतात आणि तसाच ठेवतात. म्हणतात, गावाला माझी पोर जुनी झाली. हे त्यांना तू सांगायचंस, मी नाही सांगणार. आणि पत्रबित्र पाठवू नकोस. ये."

सावेरिओ रात्रभर गाडीत बसून बुधवारी दुपारी पोचला. प्रवासभर त्यानं मनात चार प्रकारे सुरुवात करून पाहिली, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यावर चारही विसरला. मास्तर टेबलाशी बसून दुसऱ्याच कुठल्या तरी शोकधुनेच्या नकला उतरवत होते, एकेका वादकासाठी एकेक. शहात्तर वर्षांचं वय, पण अक्षर अजून छापल्यासारखं. त्यांनी वर पाहिलं. एवढ्या लवकर कसा आलास, असं म्हणाले, आणि लगेच, सिंफनी कुठवर आली?

सावेरिओनं कोटही काढला नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. सिंफनी नाही, कधीच नव्हती. दहा वर्षं खुनाच्या सिनेमांना संगीत देतोय, दुसऱ्या नावानं. आणि पोरं का लोळतात, लिबोरिओंनी खरं कारण का सांगितलं नाही, तेही. गाव लेकीच्या धुनेला कंटाळलेलं नाही, बाबा, गाव तिला घाबरलंय, आणि ते माझ्यामुळे. दोरा शिलाईच्या यंत्राशी मान खाली घालून बसली होती, पण यंत्र चालत नव्हतं.

मास्तरांनी लेखणी पुसली आणि दौतीचं झाकण लावलं.

"कुठल्या पट्टीत घेतलीस?"

"तुमच्याच पट्टीत, बाबा."

"खेळ किती वाजता असतो?"

चारचा खेळ होता, सुट्टीआधीचा शेवटचा. गुरुवारपासून ईस्टरपर्यंत थिएटर बंद राहणार होतं. मास्तरांनी रविवारचा कोट घातला, टोपी घातली, आणि बापलेक रस्त्यानं निघाले. कॉफीच्या दुकानाबाहेर बसलेली मंडळी बोलायची थांबली. तिकीट देणारी बाई मास्तरांना पाहून इतकी गडबडली की नको ते बोलून गेली: लाजू नका मास्तर, लिबोरिओसाहेबसुद्धा दोनदा येऊन गेलेत.

आत चाळीसएक माणसं असतील. मास्तर आत आल्यावर खाणं थांबलं, कुजबुज थांबली. ते मधल्या रांगेत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. सावेरिओनं हा सिनेमा पुष्कळदा पाहिला होता, पण वडिलांच्या शेजारी बसून पाहताना त्याला दर पाच मिनिटांनी जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. अर्धवट कपड्यांतली बाई पळायला लागली की तो छताकडे पाहायचा. मास्तर मात्र सरळ पडद्याकडे बघत होते. मग काळे हातमोजे आले, पहिले चार सूर वाजले, आणि मास्तरांनी डोळे मिटून घेतले. धून संपेपर्यंत मिटलेलेच. सिनेमात पाच मुली मारल्या जातात. पाच वेळा असं झालं. एरवी या जागांवर ओरडणारं, एकमेकांना चिमटे काढणारं आमचं थिएटर त्या दिवशी चिडीचूप होतं. कोणी खोकलंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मास्तर कॉफीच्या दुकानाकडे वळले. आतल्या कोपऱ्यात बसले, दोन कॉफी मागवल्या, आणि आपल्या कॉफीत तीन चमचे साखर घालून बराच वेळ ढवळत राहिले. मग धंद्याचं बोलले. बास गिटारवाला चांगला आहे, कुठला? सावेरिओनं सांगितलं, नेपल्सचा. आणि ती बाई, तिला श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. व्हायोलिनं जरा जास्त झालीत. सावेरिओ मान डोलवत राहिला. त्याला वाटलं, वाचलो. बाबांनी हे संगीत म्हणूनच घेतलं, बाकीचं सोडून दिलं.

"एकच सांगतो," मास्तर म्हणाले. "तू ती मारणाऱ्याला दिलीस. मरणाऱ्या पोरींना द्यायची होती."

  सावेरिओला बोचलं ते हे की म्हातारा रागावला नव्हता. शिव्या घातल्या असत्या, कप फेकला असता तर परवडलं असतं. त्यांनी चूक दाखवली होती, एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत दाखवावी तशी, आणि चूक खरी होती.

तिथून मास्तर मुलाला घेऊन तडक फार्मसीत गेले. लिबोरिओ कुणाला तरी खोकल्याचं औषध बांधून देत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मास्तर थांबले आणि मग म्हणाले की शुक्रवारी लेकीची वाजणार, पहिली, नेहमीच्या जागी. लिबोरिओंनी तोंड उघडलं. मास्तर म्हणाले, तुम्ही दोनदा गेलात ते मी पाद्रीबुवांना सांगणार नाही. लिबोरिओंनी तोंड मिटलं. तो विषय तिथे संपला. दाराबाहेर पडता पडता मास्तर मुलाला म्हणाले, "परवा मोठा ढोल तू घे."

सावेरिओ लहानपणी बँडमध्ये ढोलच वाजवायचा. नाही म्हणण्याची सोय नव्हती, आणि खरं तर इच्छाही नव्हती. आपल्याला शिक्षा मिळतेय याचं त्याला बरंच वाटलं. दोरानं त्याला कोणाचा तरी जुना गणवेश आणून दिला, पोटाशी शिवण सोडली, आणि शिवण सोडताना रोममधल्या खाण्यापिण्याबद्दल चार शब्द सुनावले.

शुक्रवारी तीनला चर्चचं दार उघडलं. चौक भरला होता, गच्च्या भरल्या होत्या, बायका काळ्या कपड्यांत. मूर्ती बाहेर आली. अठरा माणसं खांद्यावर तिचं वजन घेऊन पायरीवर थबकली, कारण बँड सुरू झाल्याखेरीज पाऊल टाकायचं नसतं. मास्तरांनी हात वर केला. सावेरिओनं ढोलाचे दोन ठोके दिले आणि क्लॅरिनेटांनी ते चार सूर काढले.

कारंज्याच्या कट्ट्यावरून हसू फुटलं. दहाबारा पोरं होती. एकानं गळा धरला, बाकीचे एकमेकांच्या अंगावर कोसळले. आणि हसू लागण असल्यासारखं पसरलं, बायकांमधूनही कोणी तरी फिसकन हसली आणि रुमाल तोंडाला लावला.

मास्तरांनी हात मुठीत बंद केला. बँड थांबला. मिरवणुकीत बँड मधेच थांबलेला आमच्या गावात कोणी पाहिला नव्हता. मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही, कोणाला एक शब्द बोलले नाहीत. श्वास घेण्याइतका वेळ थांबले आणि पुन्हा हात वर केला, पहिल्यापासून. सावेरिओचे दोन ठोके, चार सूर. कट्ट्यावर पुन्हा हसले, या खेपेला थोडे कमी. पुन्हा मूठ. पुन्हा शांतता.

आता खांदेकऱ्यांची पंचाईत झाली. मूर्तीचं वजन असं की चालत राहिलं तर सोसतं, उभं राहिलं तर हाडं बोलायला लागतात. पुढच्या दांड्याखाली कातालदो खाटीक होता, मान लाल झालेली, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. त्याचा थोरला कट्ट्यावरच होता.

"हसून घे," कातालदो दांड्याखालून म्हणाला, अगदी हळू, पण सगळ्या चौकाला ऐकू गेलं. "मग घरी ये."

तिसऱ्यांदा मास्तरांनी हात वर केला.  शहात्तर वर्षांचा माणूस संध्याकाळपर्यंत इथे उभा राहील, मूर्ती पायरीवर राहील, पण धून पुढे जाईल ती शेवटपर्यंतच जाईल, हे तोवर रिपाल्बाला कळून चुकलं होतं. दोन ठोके. चार सूर. कोणी हसलं नाही. पाचवा सूर आला, सहावा आला, ट्रॉम्बोन खालून चढले आणि अठरा माणसांनी पहिलं पाऊल टाकलं.

मग सगळं नेहमीसारखं झालं. दुसऱ्या कडव्याला म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या, त्यांचं पाहून तरुण रडायला लागल्या. फिसकन हसलेली बाई सगळ्यांत मोठ्यानं रडली. लिबोरिओ बंधुमंडळाची काठी धरून चालले होते, त्यांचंही नाक वाहत होतं. कातालदोच्या पोरानं टोपी काढून छातीशी धरली होती, त्यात भीतीचा भाग किती आणि भक्तीचा किती, देव जाणे. गावाला आपली धून परत मिळाली.

सावेरिओ ढोल वाजवत होता. एक ठोका चुकला नाही. लहानपणापासून ही धून लागली की त्याला एकच गोष्ट दिसायची. रोझाल्बा खुर्चीवर बसलीय, तिच्या मांडीवर तो, आणि ती त्याला शेंगदाण्याचं साल फुंकरीनं उडवून दाखवतेय. बस्स, एवढंच. बहिणीची दुसरी काही आठवण त्याच्याकडे नव्हती, तेव्हा तो चार वर्षांचा होता. वर्षातून एकदा, गुड फ्रायडेला, ती भेटायची. रोमहून तो दर वर्षी येत नसे, पण ती आपल्या जागी आहे हे त्याला ठाऊक असायचं.

आता पहिल्या चार सुरांना जिना दिसला. पाचव्याला कठड्यावर हातमोजा. ध्वनिमुद्रणानंतर ही फिल्म त्यानं संकलनाच्या टेबलावर पुढेमागे करत शेकडो वेळा पाहिली होती, कुठल्या सुराला काय यायला हवं ते घड्याळ लावून बसवलं होतं, आणि बसवलेलं आता निघत नव्हतं. ट्रॉम्बोन चढले तेव्हा दार उघडलं. दुसऱ्या कडव्याला त्या नटीनं मान वळवली. त्यानं डोळे घट्ट मिटले, खुर्ची आठवून पाहिली, शेंगदाणे आठवून पाहिले. धून पुढे सरकली आणि खुन्याच्या सुरीचं पातं नेमक्या ठोक्याला खाली आलं. तो ठोका त्यानंच दिला होता. सबंध चौक रडत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. इतकं एकटं त्याला रोममध्येही कधी वाटलं नव्हतं.

धून संपली. पुढच्या चौकापर्यंत नुसती पावलं वाजायची होती. मास्तर चालता चालता मागे राहिले, ढोलाच्या बरोबरीनं आले. डोळे लाल, पण चेहरा असा मोकळा की सावेरिओनं तो कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी मुलाचा दंड धरला.

"दिसली?" त्यांनी विचारलं.

"दिसली, बाबा," सावेरिओ म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली, दंड दोनदा थोपटला आणि पुढची धून सुरू करायला बँडच्या पुढे निघून गेले.